सरांचं राहिलेलं म्हणणं

राज्यशास्त्र शिकवता शिकवता मी टीव्हीवर कसा गेलो, असं लोक विचारतात. मी गेलो नाही, मला नेलं, असं मी पूर्वी ऐटीत सांगायचो. एका निवडणुकीच्या निकालाला स्थानिक वाहिनीला कुणी बोलणारा हवा होता, आमच्या कॉलेजातून मला बोलावलं. मी बरा बोललो. मग दर आठवड्याला, मग रोज. शेवटी नोकरीला रामराम ठोकला आणि सीताबर्डीत एका कापडदुकानाच्या वरच्या स्टुडिओत, संध्याकाळी सातच्या चर्चेचा सूत्रधार झालो. उमरेडला वडील हातमाग चालवायचे. त्यांच्या मुलाला आता ऑटोवालेसुद्धा ओळखतात, याची मला भारी गुर्मी होती.

मला बोलायला शिकवलं ते माझ्या सरांनी. एम.ए.ला त्यांच्या वर्गात एक नियम होता. वाद घालायचा तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, आणि तेही असं की त्याने मान डोलावली पाहिजे. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत स्वतःचा मुद्दा काढायचा नाही. "त्याचं त्याच्यापेक्षा तूच चांगलं सांग गा," सर म्हणायचे, "मंग तुले खोडाले मजा येईन." पुढे मी प्राध्यापक झालो तेव्हा माझ्या वर्गातही हाच नियम चालवला. पोरं कंटाळायची, पण शिकायची.

स्टुडिओत हा नियम चालत नाही. तिथे प्रत्येकाला चाळीस सेकंद. घरून बोलणारे पाहुणे पडद्यावर एकेका खिडकीत दिसतात. एखाद्याने लांबण लावली की मी टेबलावर दोनदा पेन ठोकायचो, आणि आतल्या खोलीतून त्याचा आवाज बंद व्हायचा. त्याला ते कळत नाही, तो आपला बोलतच राहतो. पेनाची ही खूण माझीच. मला तिचं कौतुकही होतं.

एकदा विषय निघाला वेगळ्या विदर्भाचा. सरांनी त्या मागणीपायी उभं आयुष्य घातलेलं. सभा घेतल्या, पत्रकं लिहिली, बढतीवर पाणी सोडलं. त्यांना बोलावलं नसतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. हुडकेश्वरच्या घरी ते इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यापुढे बसले. पाळी आली तशी त्यांनी सवयीने समोरच्याच्या बाजूपासून सुरुवात केली. वेगळं होऊन खर्च कसा भागणार, एकत्र राहण्यात फायदा काय, सगळं नीट लावून सांगितलं. सत्ताधाऱ्यांच्या प्रवक्त्यालाही ते इतकं चांगलं जमलं नव्हतं. दीड मिनिट झालं. जाहिरात डोक्यावर होती. मी पेन ठोकलं.

सर बोलतच होते. त्यांचं बोट वर गेलं होतं, म्हणजे आता त्यांचं स्वतःचं म्हणणं सुरू झालं होतं. ते बोट मी वर्गात दोन वर्षं पाहिलं होतं. मी दुसऱ्या पाहुण्याकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी नेमका समोरच्याची बाजू मांडणारा तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरायला लागला. म्हातारपणी विकला गेला, असं कुणीतरी त्याखाली लिहिलं. चळवळीतल्या जुन्या सोबत्यांनी त्यांच्याकडे येणं सोडलं. त्या आठवड्यात सरांचा फोन आला. मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

"माझं पुढचं गेलंच नाही का गा?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडचं नेट गेलं होतं, सर." हे मी इतक्या सहज म्हणालो की मलाच ते खरं वाटलं.

"असं झालं काय? मले वाटलं, मीच काही चुकलो. मंग एकडाव पुन्हा बोलाव मले. दोनच मिनिटं लागतीन."

"बोलावतो ना, सर."

बोलावलं नाही. वाहिनीला सर संथ वाटले होते, आणि त्यांच्यासाठी मी भांडलो नाही. त्यांचा फोन आला की मी मीटिंगमध्ये असायचो. पुढे त्यांनी फोन करणंही सोडलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. ते आठवलं की आज स्वतःची किळस येते.

यंदा उन्हाळ्यात सर गेले. तेरावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सरांच्या पत्नीने, काकूंनी, मला सरांच्या खोलीत नेलं. टेबलावर इंटरनेटचा नवा डबा होता, भिंतीवरून नवी वायर आलेली. खुर्चीच्या पाठीवर तोच सदरा.

"तू बोलावशीन म्हणून लावून घेतला त्याईनं," काकू म्हणाल्या. "सात वाजले की इथं येऊन बसाचे. तुहा कार्यक्रम संपला की उठाचे."

वहीतलं एक पान त्यांनी माझ्या हातात दिलं. दोन मिनिटांत बसावं म्हणून सरांनी स्वतःचं म्हणणं खोडून खोडून सहा ओळींवर आणलं होतं. वरचं समोरच्याचं म्हणणं मात्र पुरतं ठेवलं होतं. त्यातला एक शब्दही खोडला नव्हता.

मला रडू आवरेना. "काकू, नेट गेलं नव्हतं," मी म्हणालो.

"मले माहीत आहे. मी आत टीव्ही पाहून राहिली होती ना. नेट गेलं असतं तं ते जागच्या जागी थांबले असते. ते तं हालून राहिले होते, नुसता आवाज नव्हता. तू पेन ठोकलं, अन् मंग आवाज गेला."

"सरांना सांगितलं नाही तुम्ही?"

काकूंनी ते पान माझ्या हातातून घेतलं आणि घडी करून वहीत ठेवलं.

"काहून सांगू?" त्या म्हणाल्या. "रोज साताले सदरा घालून बसाचे. तेवढं तरी राहू देलं मी त्याईचं."