डाव्या बाजूचं भोक

एखाद्याने आपल्या शोधनिबंधात तुमच्या निबंधाचा आधार दिला, की त्याला आमच्यात सायटेशन म्हणतात. ती जितकी जास्त, तितके तुम्ही मोठे. माझी वाढत होती तेव्हा मी शिरूरच्या एका कॉलेजात प्रोबेशनवर होते. दर शनिवारी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन मी ती बघायचे आणि नवं नाव दिसलं की दौंडला फोन करायचे. वडील रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मेंदूचं त्यांना काही कळत नव्हतं, तरी माझ्या निबंधाची झेरॉक्स त्यांनी विहारात फोटोपुढे ठेवली होती. वंदनेला येईल त्याला सांगायचे, "आता जर्मनीतल्यांनी बी पोरीचं नाव घेतलंय." मला लाज वाटायची आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

मग एका मुलीचा ईमेल आला. ती दुसऱ्या राज्यात, माझ्याच निबंधाच्या पायावर पीएचडी करत होती. तीन वर्षं तिचे निष्कर्ष माझ्याहून नेमके उलट येत होते. तिचे गाइड म्हणत, तुझ्या हाताला हे काम जमत नाही. तिने अगदी भीत भीत विचारलं होतं, मॅडम, खूण कुठल्या बाजूला केली होती?

उंदराच्या मेंदूचे काप इतके पातळ असतात, की काचेवर चढवताना उलटे पडले तरी कळत नाही. म्हणून कापण्याआधी एका बाजूला सुईने बारीक भोक पाडतात. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ते डावीकडे पाडायचं, असा नियम होता. मी मात्र हे काम आधी दुसरीकडे शिकले होते आणि तिथे उजवीकडे पाडत. मी जुनी वही काढली. उंदरांच्या सगळ्यात मोठ्या खेपेपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, खूण उजवीकडे. पेशी मोजताना सगळे काप मी डावी खूण धरूनच वाचले होते. आणि अख्खा निबंध होता मेंदूच्या डाव्या-उजव्यातल्या फरकाचा.

सांगितलं नाही तर त्या मुलीचं काम बुडणार, सांगितलं तर माझं. चार महिन्यांनी मला कायम करायची मीटिंग होती. वही मी कपाटात साड्यांखाली दडपली, जणू ती स्वतः चालत जाऊन प्राचार्यांना सांगणार होती. कॅफेत जाणं बंद केलं. ऑफिसातला शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गात आला तरी वाटायचं, कळलं त्यांना. स्वतःला फार शहाणी समजणारी मी, पाच आठवडे अशी भ्यायलेली होते.

शेवटी एसटी पकडून दौंडला गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"गाडी सुटल्याव कळलं, ब्रेक नीट बघितला न्हाई, तर काय करत्यात?"

मग त्यांनीच सांगितलं.

"फुडच्या टेसनाला फोन करत्यात. मेमो मिळंल म्हणून गप बसत न्हाईत."

"तुमची विहारातली झेरॉक्स?"

"ती मी काढतो. तू फोन कर."

सोमवारी मी त्या मुलीला लिहिलं, चूक माझी आहे, तुमचा हात बरोबर आहे. ईमेल परत आला, तो पत्ताच बंद झाला होता. मग तिच्या गाइडना लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. कळवल्याबद्दल आभार. ती विद्यार्थिनी गेल्या महिन्यात काम सोडून गावी गेली, तिचा पत्ता आमच्याकडे नाही.

निबंध ज्या नियतकालिकात आला होता, त्यांनाही कळवलं आणि दुरुस्ती छापून आली. मीटिंगही झाली आणि मला कायम केलं. माझ्या फाइलमध्ये दुरुस्ती वरच लावलेली होती, कुणी फाइल उघडलीही नाही. जुन्या निबंधाला आजही सायटेशन येतात, दुरुस्तीला एकही नाही. मी अजून बसते शोधत, पण माझं नाव नाही, त्या मुलीचं. ते कुठल्याही निबंधावर नाही.