भांडणाचे गुण कोण देणार?

माझी धाकटी बहीण सुमती गेली, ही बातमी मला तळेऱ्याच्या तिठ्यावर एसटीची वाट पाहत असताना फोनवर मिळाली. तिला लोकांचा विश्वास कधी मिळवता आला नाही, ही बातमी मला पंधरा दिवसांनी तिच्याच शोकसभेत मिळाली. पहिली बातमी खरी होती.

मालवण किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांतील व्यसनी पुरुषांना उपचारांपर्यंत नेणे, हे एका संस्थेतील तिचे काम. कार्यकर्ता आणि कुटुंब यांच्यातील नाते मोजायचे, असे त्या संस्थेने एकदा ठरवले आणि शहरातून दोन मुली प्रश्न घेऊन आल्या. मासे विकणाऱ्या रुक्मिणीच्या घरापुढच्या खळ्यात मी तेव्हा बसलो होतो, म्हणून ठामपणे सांगतो.

"ताई तुमच्याशी आदराने बोलतात का?"

"आदर खंयचो? येता तेव्हापासून तोंड वाजता मेलीचा."

"तुमचे म्हणणे ऐकून घेतात?"

"नाय ओ, आपलाच खरा करता. माझ्या घोवाक दारात उभो करून गाळी घालता."

"आणि ताईंच्या आधीचे सर?"

"ते बरे. चाय घेतत, 'बरा बरा' म्हणतत, जातत."

सरांना पूर्ण गुण मिळाले. रुक्मिणीचा नवरा उपचार केंद्रातून पळाला तेव्हा त्याला दंडाला धरून परत नेणारी सुमती मात्र नापास झाली. आमच्याकडे पाहुण्याचा मान राखतात आणि घरच्या माणसाला शिव्या देतात, हे त्या मुलींना ठाऊक नव्हते. सरांना होते, ते इथलेच... तरी ते गप्प राहिले. सुमतीला वस्तीतून काढून कणकवलीच्या कार्यालयात बसवले. रुक्मिणी तिथे जाऊन कडाडली, "आम्ही घरच्यासारखा बोललांव, तां तिच्याच डोक्यार मारलात?" गुण बदलत नाहीत, असे तिला सांगण्यात आले. सुमती निवृत्तीपर्यंत त्या टेबलाशीच राहिली.

तेच सर आज संस्थेचे संचालक आहेत आणि "ताईंना नाती जोडणे जमले नाही" हे शोकसभेतले त्यांचेच वाक्य. मागल्या आठवड्यात सभागृहात लावण्यासाठी ते सुमतीचे छायाचित्र मागायला घरी आले. मी दिले नाही. भिंत रिकामी वाटत असेल, तर त्यांनी हा लेख तिथे लावावा. रुक्मिणी तेव्हा ओटीवरच होती. तिने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, "येवा हां साहेब" म्हणून निरोपही दिला. ते प्रसन्न होऊन गेले.

फाटक लागताच ती सुमतीच्या छायाचित्राकडे वळली.

"डाक्टराकडे जा म्हणान कितीदा सांगलंय गो मेले. ऐकलंस?"