पाण्यात सोडलेली पाकट

"आधीच मेलेला होता ना?" मासा हातात घेण्यापूर्वी मॅडम हे हमखास विचारत. मच्छीमार हसत. पण होकार मिळाल्याशिवाय त्या हात लावत नसत.

जळगावच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी वनस्पतिशास्त्र. घर मारवाडी जैनांचं, दाणाबाजारात धान्याचं दुकान. स्वयंपाकात कांदासुद्धा नाही आणि मुलीचा अभ्यास माशांचा! त्यातही पाकटींचा. परातीसारखा चपटा, चाबकासारख्या शेपटीचा हा समुद्रातला मासा. सुट्टी लागली की मॅडम सुरतेची गाडी धरत आणि तिथून किनाऱ्यावरचा धक्का गाठत. परत आल्यावर आंघोळ केल्याखेरीज आई त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नसे. वडील तर हा विषयच काढत नसत.

एकदा नरडाण्याकडच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा कॉलेजात आले. प्रयोगशाळेतली बरणी पाहून म्हणाले, "मॅडम, हाऊ मासा आपला तापीमा येस का?"

"नही नाना, मधमा धरणं शेतस," मॅडम म्हणाल्या. मध्ये धरणं आहेत हे ऐकून म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून जरा हळूच.

तुम्ही त्यांना धक्क्यावर पाहायला हवं होतं. विद्यार्थ्यांच्या सहलीला एकदा मी सोबत होतो. एका होडीतल्या ढिगाशी त्या थबकल्या. ठिपक्यांची एक पाकट होती. ही जात पूर्व किनाऱ्यावरची, इकडे कुणी नोंदवलेली नाही, हे त्यांनी मला कुजबुजत सांगितलं. फोटो काढले, मापं घेतली. तेवढ्यात पाकटीचे कल्ले हलले.

"लई जाव ने, बेन," मच्छीमार गुजरातीत म्हणाला, घेऊन जा ना, ताई.

"मॅडम, जरा थांबू या," मी म्हणालो. "तशीही मरणारच आहे ती."

त्या मच्छीमाराला म्हणाल्या, "पाण्यात सोडा." त्याने ती विकत घ्यायला लावली आणि मग सोडली. गढूळ पाण्यात ती पोहत गेली की बुडाली, आम्हाला कळलं नाही.

नुसत्या फोटोंवर लिहिलेला त्यांचा लेख परत आला. नमुना नाही, तेव्हा ओळख पक्की मानता येत नाही, असा शेरा होता. "बरोबर आहे त्यांचं," मॅडम म्हणाल्या. "मीही नाकारला असता."

ही हकिकत मीच दुकानात त्यांच्या वडिलांना सांगितली. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदाच मुलीकडे फोटो मागितला. हे मॅडमनीच मला हसत सांगितलं.

"ही खाते काय?"

"खेकडे, शिंपले, बाऊजी."

"म्हणजे हीपण जीव मारूनच जगते?" त्यांनी फोटो परत दिला. मग म्हणाले, "तरी सोडलीस ते बरं केलंस."

त्यानंतर मॅडमनी धक्क्यावरच्या प्रत्येकाला आपला नंबर दिला. तशी पाकट मेलेली सापडली तर बर्फात ठेवा आणि मला कळवा, एवढंच सांगणं. फोन येत, त्या धावत जात. दर वेळी दुसरीच जात निघे.

गेल्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या आणि पावसाळ्याआधीच गेल्या. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

त्यांचा फोन वडिलांनी बंद केला नव्हता. दिवाळीनंतर त्यावर धक्क्यावरून एक फोटो आला. तेच ठिपके. वडील तो घेऊन माझ्या घरी आले.

"सर, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही येता का?"

आम्ही गेलो. पाकट बर्फात होती. मच्छीमारांनी "बेन?" एवढंच विचारलं आणि वडिलांचा चेहरा बघून पुढे काही विचारलं नाही. तपासणीत जात तीच निघाली, आणि मॅडमच्या नावाने ती नोंद छापून आली. पण ते पुढचं. त्या दिवशी परतीच्या गाडीत वडिलांनी थर्माकोलचा डबा मांडीवरच ठेवला होता. मी दोनदा मागितला, दिला नाही. वास सुटला तसा समोरच्या प्रवाशाने नाकाला रुमाल लावला.

"शेठ, काय आहे हो यात?"

धोतरावर बर्फाचं पाणी झिरपत होतं. वडिलांनी डबा थोडा जवळ ओढला.

"मुलीचं काम आहे," ते म्हणाले.