डोळ्यातली बाहुली

चष्मेवाल्या मामांचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. त्यांचं अख्खं आयुष्य वीतभर अंतरावरून लोकांचे चेहरे बघण्यात गेलेलं. गिऱ्हाइकाला फ्रेम चढवायची, नाकाला नाक लागेल इतकं जवळ जायचं, "हलू नका" म्हणायचं आणि बाहुलीच्या बरोबर समोर, काचेवर शाईचा ठिपका द्यायचा. ठिपका चुकला की चष्मा डोकं उठवतो.

आज मात्र मामा डोळ्यांच्या दवाखान्यात भिजल्या मांजरासारखे बसले होते. आत ताईची पट्टी काढायची होती. आईवडिलांच्या मागे याच ताईने त्यांना वाढवलं. तिचा एक डोळा लहानपणापासून अधू, भरवशाचा तो हा एकच. आणि "मोतीबिंदू काढून घे, काही होत नाही" असा लकडा मामांनीच लावलेला.

शेजारी ताईची मुलगी होती, कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. मामांचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून ती म्हणाली, "मामा, बाहुलीला इंग्रजीत प्युपिल का म्हणतात, माहितीये?"

"मी काचा विकतो बाई, डिक्शनऱ्या नाही."

"लॅटिनमध्ये प्युपिला म्हणजे छोटी मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं रूप दिसतं ना, त्यावरून."

"अरेच्चा! आपणही बाहुलीच म्हणतो की!"

"आणि विद्यार्थी या अर्थाचा प्युपिल त्याच घराण्यातला. मूळ अर्थ, दुसऱ्याने सांभाळलेलं पोरकं पोर."

"म्हणजे मीच," मामा पुटपुटले.

तेवढ्यात सिस्टरने आत बोलावलं. पट्टी निघाली. मामांना कुठला धीर? ती बाहुली बघायला ते ताईच्या नाकाशी नाक नेऊन डोकावले. दिसली! राईएवढे मामा.

"ताई, दिसतो ना मी?"

"नाही रे. नुसता धुरकट गोळा."

मामांनी नाक आणखी जवळ नेलं.

"अहो चष्मेवाले!" सिस्टर ओरडली. "लांबचं दिसायची लेन्स बसवलीये. जवळचं चष्म्याशिवाय कसं दिसेल? हे मी सांगायचं तुम्हाला? व्हा मागे!"

मामा दारापर्यंत मागे सरले. ताईने डोळा बारीक केला.

"दाढी कधी केली होतीस रे? आणि ती बटणं! एक वर, एक खाली."

भाची खो-खो हसत सुटली. मामांनी बटणं सोडून घाईघाईने परत लावली.

"परत चुकलं," ताई खाटेवरून म्हणाली.

मामांचा जीव भांड्यात पडला. "बोल ताई, बोल," ते म्हणाले, "अजून काय काय दिसतंय?"

ताईला काय, तेवढंच हवं होतं.