थोरलीच्या हातचं मीठ

आमच्या थोरल्या जावेला लोक अडाणी म्हणतात. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मी तिची धाकटी जाऊ. एका चुलीवर आमचं शिजतं, एकाच आवारात आम्ही राबतो, आणि देवाने तिच्या वाट्याची जीभसुद्धा मलाच दिली आहे. म्हणून तिच्याबद्दल मी बोलते. ती स्वतः काही बोलायची नाही.

आमचं काम मासळी सुकवण्याचं. टेम्पोतून ओली मासळी येते. आम्ही बसून पोटं फाडतो, धुतो, सिमेंटच्या हौदात मिठाचे थर देऊन रचतो आणि मुरली की जाळ्यांवर उन्हात टाकतो. हौदात मीठ टाकायचं ते थोरलीनेच. मुठीने टाकायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं, मान हलवली की झालं. ओलं राहिलं की नासतं, मीठ कमी पडलं की नासतं, ही आमची सगळी विद्या. सून घरात आली की सासू आधी हे शिकवते, चहा कुठे ठेवलाय ते नंतर दाखवते.

तान्ही पोरं हौदाशेजारीच असतात, रिकाम्या क्रेटमध्ये जुनं धडुतं अंथरून ठेवलेली. माशा इतक्या, की आधी माशा हाकलायच्या आणि मग आपलं पोर कुठलं ते बघायचं. प्यायचं पाणी टँकरचं, पत्र्याच्या पिंपात, आणि पिंपाला झाकण नाही. मी झाकण मागितलं तर मुकादम म्हणाला, "घरी काय सोन्याच्या हंड्यातलं पिता?" मेल्याच्या स्वतःच्या टेबलावर मात्र विकतची बाटली.

थोरली बाळंतपणातून उठली न उठली तोच त्याचा निरोप, येतेस की दुसरी बघू. ती आली. पाजायला उठली की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. असं उपाशीपोटी, शिव्या खात दूध कुठून येणार? आटलं. मग डब्यातली पावडर, पिंपातलं पाणी आणि तीच ती बाटली, जी धुवायलाही त्याच पिंपात बुडवायची. पोरं आजारी पडली की वर हेच विचारणार, तुमचीच कशी आजारी पडतात.

तिचा पहिला मुलगा जुलाबानेच गेला. सासूबाई म्हणाल्या, पाणी तोडा, आत ओल आहे म्हणून वाहतंय, सुकलं की थांबेल. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. नातवावर जीव होता त्यांचा. जन्मभर हौदाजवळ जे पाहिलं तेच त्यांनी सांगितलं. पोर कोरडे ओठ चाटत राहिलं आणि थांबलं. थोरलीने तेव्हा सासूचा शब्द मोडला नाही. पुढे मुलगी झाली तेव्हा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिच्या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. घर डोक्यावर घेतलं तरी चालेल."

मुलगी गुटगुटीत. आम्ही तिला भोपळी म्हणायचो. नुकती बसायला लागली होती. बसायची, कलंडायची, आणि कुणी ढकललं म्हणून आमच्याकडेच रागाने बघायची. या भोपळीला एक दिवस जुलाब सुरू झाले. आवारात साथच होती, आणखी दोन क्रेटमधली पोरं तशीच होती.

त्याच सकाळी फाटकाशी आरोग्य खात्याची गाडी आली. काचा वर, आतल्या माणसाच्या नाकाला रुमाल, आणि टपावर भोंगा. भोंगा ओरडला, "बाळाला जुलाब झाले तर पाणी तोडू नका. मीठ-साखरेचं पाणी पाजा. बाळाचा जीव वाचवा." दोनदा ओरडला, गाडी वळली, धुरळा उडवून गेली. वास येतो ना आमचा. उतरणार कोण?

थोरली हातातली पाटी टाकून, भोपळीला क्रेटमधून उचलून घराकडे धावली. सासूबाई दारात आडव्या आल्या. "पाणी दिलंस तर वाढेल, सांगून ठेवते." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तिला उलट बोलताना ऐकलं. "आई, मागच्या वेळी तुमचं ऐकलं. आता गाडीवाल्यांचं ऐकते. बाजूला व्हा." म्हातारी बाजूला झाली. मी तर मनात म्हटलं, शाब्बास गं बाई. मला वाटलं, पोरगी वाचली. पाणी करायचं थोरलीवर सोडून मी जाळ्यांकडे पळाले, कारण दोघींची कामं आता मलाच उरकायची होती.

आमच्या घरात साखर डब्याच्या तळाला आणि मीठ पोत्याने. होती तेवढी साखर तिने तांब्यात झटकली. कमी वाटली, म्हणून मीठ पुरतं घातलं. पुरतं म्हणजे किती? मिठाचं पाणी म्हटलं की तिच्या हाताला एकच पाणी ठाऊक. तरी बाळ लहान म्हणून हात आखडला, असं ती मला मागून म्हणाली. माशाला टाकते त्याच्या कितीतरी कमी टाकलं. जीभ लावली तर तिला अळणीच लागलं. दिवसभर खाऱ्या पाण्यात बोटं बुडवून चोखणाऱ्या बाईला दुसरं काय लागणार?

भोपळी घटाघटा प्यायली. ओकली, तिने पुन्हा पाजलं. पोरीची तहान वाढली, तिने आणखी पाजलं. जुलाब कमी झाले तशी ती मला सांगायला जाळ्यांपर्यंत आली. चेहरा फुलला होता तिचा. म्हणाली, "लागू पडलं गं."

दुपारी पोरीचं अंग तापलं, रडण्याचा आवाज बदलला, मग हातपाय ताठ व्हायला लागले. टेम्पो फाटकात उभा होता. मुकादम म्हणाला, माल उतरल्याशिवाय हलणार नाही. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, तरी हलला नाही. शेवटी बस धरली, एक बदलून दुसरी. आरोग्य केंद्रात डॉक्टर जेवायला गेलेले. आले, पोरीला पाहिलं आणि विचारलं, काय पाजलं?

थोरलीने सांगितलं. ताठ मानेने सांगितलं, कारण तिने सांगितलेलंच केलं होतं. डॉक्टरांनी पाणी कसं केलं ते विचारलं. तिने मूठ दाखवली.

"एवढं मीठ? अक्कल आहे का तुम्हाला? बाळ आहे की मासा?"

मग सुई टोचायला शीर शोधत राहिले. शीर सापडेपर्यंत भोपळी राहिली नाही. थोरली पोरीचं आंगडं खाली ओढत होती, पोट उघडं पडलं होतं म्हणून.

त्या दिवसापासून ती अडाणी. केंद्रातली आया म्हणते, पाणवठ्यावरच्या बाया म्हणतात, मुकादमही म्हणतो, आणि त्याला तर लाज अशी नाहीच. जिने मारायचं ठरवलं असतं तिला इतकं धावावं लागलं नसतं, हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

गाडी पुन्हा आली. तोच भोंगा, तेच वाक्य. थोरली हौदावरून उठली, हात न पुसता चालत गेली आणि गाडीसमोर उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. आम्ही सगळ्या मागे जाऊन उभ्या राहिलो. शेवटी काच खाली आली. "काय पाहिजे, बाई?"

"खाली या," ती म्हणाली. "ते पाणी आमच्यासमोर करून दाखवा."

तो उतरला, रुमालासकट. मी तांब्याभर पाणी, मीठ, शेजारणीकडून मागून आणलेली साखर असं सगळं त्याच्यापुढे मांडलं. त्याने साखर घातली, चिमटीने मीठ घातलं, ढवळलं. माणसाला येत होतं हो सगळं. म्हणाला, "पाजायच्या आधी चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. एवढं लक्षात ठेवलं की चुकत नाही."

थोरलीने बोट बुडवलं, जिभेला लावलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं.

"ही चव मला पहिल्या पोरापासून पाठ आहे," ती म्हणाली. "हे भोंग्यात का नाही सांगितलं?"

तो म्हणाला, भोंग्यात तेवढंच बोलायचा हुकूम आहे, बाकीचं उतरून समजवायचं असतं. बोलून गेला आणि घाईने गाडीत चढला. थोरली बाजूला झाली, गाडीला वाट दिली आणि हौदाकडे वळली. मी तिथेच उभी राहिले. दार उघडून खाली यायला त्याला किती वेळ लागला होता, ते मी पाहिलं होतं. नाक शिंकरायला लागतो तेवढा.