टाकीत पडलेलं विरजण

कारखान्यात माझ्या ताईला सगळे विरजणबाई म्हणतात. साखरेच्या पाण्यात जिवाणू सोडून तिथे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्याला आंबट करणारंच, फक्त हे प्लास्टिकसाठी. त्या जिवाणूंची जनुकं मुद्दाम बदललेली आहेत, त्यामुळे साखर इकडेतिकडे न उधळता ते तिचं जवळजवळ सगळं आम्लच करतात. कुपीतून चंबूत, चंबूतून छोट्या टाकीत, मग मोठ्या टाकीत असं त्यांना वाढवत न्यायचं काम ताईचं. ती त्यांच्याशी बोलतेसुद्धा. आमच्याशी कमी बोलते.

मध्यंतरी फ्रीजर बिघडला आणि साठवलेल्या कुप्यांमधले जिवाणू मेले. एक कुपी उरली, ती चंबूत ओतली, तर तीही ढिम्म. ते जागे झाले नाहीत तर विभागाला कुलूप लागणार होतं आणि ताई घरी बसणार होती. एरवी चिडणारी ताई चिडत नव्हती, याचीच आम्हाला धास्ती. डबा तसाच भरलेला परत आणायची.

एका दुपारी गेटवरच्या काकांचा फोन आला. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून ताईने त्यांच्याकडे निरोप दिला होता. भावोजींनी तो ऐकला, फोन ठेवला आणि म्हणाले, "विरजण पडलं म्हणे."

आई मटकन खाली बसली. हा शब्द घरात रोजचाच, पण आम्ही इतके घाबरलेलो की आम्हाला त्याचा वाईट अर्थच ऐकू आला.

संध्याकाळी ताई दारात दिसली. तिच्या कपड्यांच्या आंबट वासावरून लग्नापासून कुरकुरणारे भावोजी पुढे झाले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "नोकरी गेली तर गेली. मी आहे ना."

"कुणाची नोकरी गेली?"

"विरजण पडलं ना?"

"अहो, टाकीत पडलं. सकाळी चंबू मस्त गढूळ झाला होता, म्हणजे जिवाणू जागे होऊन वाढले. आता आम्लही व्हायला लागलंय."

आमच्या जिवात जीव आला. आई हसता हसता गेटवरच्या काकांना नावं ठेवायला लागली. ताईने पिशवीतून डबा काढला आणि उभ्या उभ्याच खायला सुरुवात केली. भावोजी तिच्याकडे बघत राहिले.

"वास येतोय तुझ्या कपड्यांना," ते म्हणाले आणि बाहीने डोळे पुसले.