निळ्या रंगासाठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, जिला मी सगळं सांगते असं मला वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तो तर येताजाता भेटतो — तरी नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

रंगांपासून सुरू करते. कारण खोटं बोलले ते नंतर — आधी मला ते रंग फार आवडायचे.

प्रदीप माझा पाठचा भाऊ, माझ्याहून बराच लहान. आम्ही माकुणसारचे. घराला लागून केळीची बाग, चिकूची झाडं, पानवेल. शाळेत असतानाच तो एकाएकी तांब्यानं पाणी प्यायला लागला, चड्डी कमरेवर राहीना इतका वाळला, आणि पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेह. एवढ्या लहान मुलाला? बाबा पुन्हापुन्हा तेच विचारत होते. तेव्हापासून रोज सकाळी इन्सुलिन. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. घरी फ्रीज नव्हता म्हणून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायची. आईला ते जमायचं नाही. सुई मी टोचायचे.

आणि तपासणीही माझ्याकडेच. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले होते. रक्तातली साखर घरी मोजायची सोय तेव्हा, ऐंशीच्या दशकात, आमच्यासारख्यांकडे कुठली? लघवी तपासायची. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे मोजके थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर निळं ते निळंच. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, नारिंगी, आणि फारच असली तर विटेसारखं लाल. मागच्या पडवीत माझा हा कारभार चालायचा. आई ओरडायची, “ते घाणेरडं माज्या चुलीपाशी आणू नको हां!” प्रदीप शेजारी उकिडवा बसून नळीकडे टक लावायचा. “ताय, आज निळा येनार बग.”

कारखान्यात माझं काम काय होतं? रोज त्याच रंगाचा तोच नमुना, तीच तपासणी. नवीन काही आलं की ते पुरुषांच्या टेबलावर जायचं. घरी मात्र एक जिवंत कोडं माझ्यासमोर बसलेलं असायचं. — हे मी कारण म्हणून सांगत नाही. कसं होतं तेवढं सांगते.

प्रदीप पळायचा. पहिल्यापासून. केळव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळू घट्ट असते, तिथे तो पलीकडच्या दांडा गावाच्या दिशेला जायचा आणि परत यायचा. त्याला खेळाचा मास्तर व्हायचं होतं. डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती. ते म्हणाले होते, पळण्याआधी खाऊन जा, आणि खिशात साखरेची पुडी ठेव. घाम सुटला, हातपाय थरथरले की लगेच तोंडात टाक, वाट बघू नको. प्रदीप ते तंतोतंत पाळायचा. हे लक्षात ठेवा. तंतोतंत पाळायचा.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मीही त्याच्याबरोबर जायला लागले. आणि मला एक गंमत दिसली. निघण्याआधी नारिंगी आलेली नळी परत आल्यावर हिरवी यायची. कधी अगदी निळसर. इन्सुलिन तेवढंच, भाकरी तेवढीच — मग साखर गेली कुठे? पायांनी खाल्ली? मला रात्रंदिवस तेच सुचायचं. मग आणखी एक दिसलं. सुई दंडात टोचली तर तो आरामात पळायचा. मांडीत टोचली तर लवकर थरथरायला लागायचा. असं का? पळताना मांडी तापते, रक्त जोरात फिरतं, औषध भराभर ओढलं जातं — असं असेल का? मी पालघरच्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले. “तुम्ही कारखान्यात रंग बघा, हे माझ्यावर सोडा.”

मी सोडलं नाही.

अडचण एकच होती. अर्ध्या वाटेत जरा चक्कर आल्यासारखं झालं की प्रदीप पुडी उघडायचा. साखर पोटात जायची आणि माझं सगळं बिघडायचं. नुसत्या पळण्यानं काय होतं, मांडीतल्या सुईनं काय होतं, कळायचंच नाही. मी त्याला म्हणायचे, थोडं थांबून बघ ना, लगेच काय खातोस. तो म्हणायचा, “नाय गं ताय, डोळ्यांपुढं अंधारी येते.” मला वाटायचं तो बाऊ करतो — असं मी तुम्हाला सांगू शकते. पण ते खोटं होईल. तो खरं बोलतोय हे मला ठाऊक होतं. 

त्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीसारखा दंड पुढे केला. मी म्हटलं, आज मांडीत. त्यानं विचारलंही नाही का म्हणून. तो आंघोळीला गेला तेव्हा त्याची पळायची चड्डी पडवीतल्या दोरीवर होती. मागच्या खिशाला बटण होतं. मी ते काढलं, पुडी उचलली, बटण परत लावलं.

झालं. एवढंच केलं मी. लिहायला किती थोडं लागतं, नाही?

पुडी मी माझ्या पर्समध्ये ठेवली. मी किनाऱ्यावर असणारच होते ना? तो परत आला की आधी बाटलीत लघवी, मग साखर — असं सगळं मी ठरवलं होतं. तो दांड्याच्या बाजूला पळत गेला आणि मी सुरूच्या झाडांखाली बसून राहिले. त्याच्या जिल्ह्याच्या स्पर्धेचा, ठाण्याला जायचा विषय तेव्हा घरात चालू होता. मला त्यातलं काही आठवत नव्हतं. मी आज कुठला रंग येईल याचा विचार करत होते.

तो यायच्या वेळी आला नाही. आणखी थोडी वाट पाहिली. मग मी चालायला लागले, मग पळायला. साडी नेसून वाळूत पळता येत नाही.

दांड्याकडे बोंबील वाळत घातलेले होते, तिथे बायका गोळा झाल्या होत्या. तो त्यांच्यात पडला होता. घामानं भिजलेला, जबडा घट्ट, एक हात आपोआप उडत होता. त्यातली एक म्हणाली, “ताडी प्याला वाटतं पोर. झोकांड्या खात येत व्हता. खिसा उलटा करून करून बगत व्हता, काय सोदत व्हता देव जाने.”

त्याचा खिसा बाहेर लोंबत होता.

मी त्याच्या गालात साखर कोंबली. बरीचशी ओघळून वाळूत गेली. माशांचा एक टेम्पो निघायच्या तयारीत होता, त्यातून आम्ही पालघरला पोचलो. वाटेत त्याला दोनदा आकडी आली. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि — तुम्ही ते कधी पाहिलं असेल तर कळेल — मेलेल्यासारखा पडलेला मुलगा बघता बघता डोळे उघडून इकडेतिकडे पाहायला लागला. जणू झोपेतून उठला. मी रडत होते. आणि रडता रडता मनात आलं, किती लवकर! सुई काढायच्या आतच! हेही तुम्हाला सांगायलाच हवं.

तोवर बाबा येऊन पोचले. डॉक्टर चिडले होते. “साखर बरोबर ठेवायला सांगितलं होतं ना? का नव्हती?”

प्रदीपनं आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या. मग माझ्याकडे पाहिलं. “ताय, मी पुडी घेतली व्हती का गं?”

त्याला ती सकाळ आठवतच नव्हती. पुडी बांधलेली नाही, आंघोळ नाही, मांडीतली सुई नाही, वाळूत पडलेला तर नाहीच. साखर इतकी खाली गेली की आधीचाही काही वेळ पुसला जाऊ शकतो, हे मला तिथे कळलं. ती पुसलेली सकाळ फक्त माझ्याकडे होती. त्यात काय लिहायचं ते मी ठरवणार होते.

मी म्हणाले, “नाही रे. विसरलास तू.”

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागावले नाहीत. पण त्या दिवसापासून पळणं बंद. स्पर्धा गेली. पुढे खेळाच्या शिक्षणासाठी बाहेरगावी पाठवायची गोष्ट निघाली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “जो सोताची साखर इसरतो, त्याला एकटा कसा सोडू?” प्रदीप भांडला नाही. भांडणार कशाच्या जोरावर? त्याला स्वतःचाच भरवसा राहिला नव्हता. तो बागेत बाबांच्या हाताखाली राहिला, पुढे उमरोळीला एका दुकानात हिशेबाला लागला. घरात सगळे त्याला विसराळू म्हणायला लागले. चेष्टेत म्हणायचे. तोही हसायचा, आणि कुलूप लावलं की परत जाऊन ओढून बघायचा. गॅस दोनदा बघायचा. दुकानातल्या बेरजा दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा — ज्या कधीच चुकलेल्या नसायच्या.

सांगायची संधी मिळाली नाही का? मिळाली की. बाबा गेले तेव्हा वाटलं, आता बाबांची भीती नाही, सांगू. त्याचं लग्न झालं तेव्हा वाटलं, निदान त्याच्या बायकोला तरी सांगावं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माझ्याकडे बोईसरला आली, मी तिला जवळ बसवलं, आणि काय सांगितलं माहीत आहे? म्हणाले, त्याच्यावर लक्ष ठेव गं, तो विसरतो.

माझ्याच तोंडानं. कुणी विचारलंही नव्हतं.

नव्वदच्या दशकात बोईसरला एक तरुण डॉक्टर आले. त्यांच्याकडे बोटाला टोचून रक्तातली साखर दाखवणारं छोटं यंत्र होतं. मीच प्रदीपला घेऊन गेले. त्याच्या बोटावर रक्ताचा थेंब आला, पट्टीवर टेकवला, आणि थोड्या वेळात काचेवर आकडा उमटला. मी खुर्चीवरून पुढे वाकले. इतकं सोपं! हे तेव्हा असतं तर — आणि माझ्या ध्यानात आलं की तेव्हा असतं तरी मी पुडी काढलीच असती. कदाचित जास्तच हौसेनं.

डॉक्टर समजावून सांगत होते. व्यायाम करा, चाला, पळा, काही हरकत नाही. आधी यंत्रावर साखर बघा, कमी असेल तर खाऊन निघा. पळायचं त्या दिवशी सुई मांडीत नको, पोटावर घ्या, मांडीतून औषध लवकर चढतं. मी मान हलवत होते. माझं बरोबर होतं तर. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं उत्तर बरोबर म्हणत होतं, आणि एक क्षण मला खरंच बरं वाटलं.

मग डॉक्टरांनी प्रदीपच्या पायांकडे पाहून विचारलं, शरीर तर पळणाऱ्याचं दिसतंय, मग सोडलंत का?

प्रदीप हसला. तो त्या गोष्टीला कधीच चिडला नव्हता. “लहानपनी एकदा साखर न्यायला इसरलो न् पडलो. घरच्यांची काय चूक नाय, डॉक्टर. चूक माजीच.” आणि साक्षीला माझ्याकडे वळला. “नाय का गं, ताय?”

खोलीत आम्ही तिघंच होतो. दार लोटलेलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, विश्वासानं, जसा लहानपणी नळीकडे बघायचा तसा नाही — तेव्हा त्याला उत्तर माहीत नसायचं.

मी म्हणाले, “हो.”

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.